आमदार चारीत आडवे झाले

चौऱ्याहत्तर सालच्या जानेवारीत खंडेराव आमदारांनी भर चावडीवर सांगून टाकलं, की मंत्र्यांच्या देखत कालव्याच्या चारीचं पाणी शेवटच्या वावरात, म्हणजे भिकाच्या वावरात पोचलं नाही, तर पुढच्या खेपेला आपण निवडणुकीचा अर्जच भरणार नाही. गावाला शब्द आवडला, पण गावानं चारीही पाहिली होती. वरच्यांनी फोडून घ्यायची आणि खालच्यांनी वाट बघायची, हा तिचा पंधरा वर्षांचा रिवाज.

खंडेरावांना, म्हणजे गावाच्या आण्णांना, मात्र तिळभर शंका नव्हती. सायखेड्याकडचा शेतकरी गडी. आमदारकी आली तरी पहाटे फावडं घेऊन वावरात जायचं सुटलं नव्हतं. त्यांनी मंडपसुद्धा थेट भिकाच्या बांधावर घालायला लावला.

समारंभाच्या दिवशी पहाटेच वरून पाणी सुटलं. नवाला मंत्री आले. खंडेरावांच्या अंगावर शाल पडली, गळ्यात झेंडूचे हार पडले. भिका मांडीवर नारळ घेऊन कोरड्या चारीच्या काठाला बसला. दहा वाजले. मंत्र्यांचं भाषण रंगात आलं आणि चारीत एक सरडा फिरत होता.

खंडेराव हळूच मंडपाच्या मागनं उतरले आणि हारांसकट काठाकाठानं वर निघाले. फोडणारा सापडला की त्याची गय करायची नाही, असं त्यांनी वाटेतच ठरवलं. मंडपातला भोंगा मागं ऐकू येतच होता.

अर्ध्या कोसावर चारी फुटलेली दिसली. पुरुषभर रुंद भगदाड, आणि सगळं पाणी एका कांद्याच्या वावरात. वावर त्यांचंच होतं. त्यांची बायको वत्सलाबाई लुगडं खोचून, वाफ्यावाफ्यात पाणी सोडत निवांत दारं धरत होत्या.

"कोणी फोडलं हे?" खंडेराव गरजले.

"तुम्हीच की," वत्सलाबाई म्हणाल्या. "पहाटं भाषण पाठ करत करत हाणलं फावडं. मी म्हटलं, आमदाराला मंजुरी असंल."

खंडेरावांना आठवलं. भाषण पाणीचोरीवरचं होतं. 'चारी फोडणाऱ्याला बेडी ठोका' या वाक्याला हात जरा जोरात पडला होता खरा. पंधरा वर्षांची सवय; पाणी दिसलं की हात आपोआप चालायचा.

त्यांनी फावड्यानं चिखल ओढला, तो वाहून गेला. शाल कोंबली, हार कोंबले. तेवढ्यात भोंग्यातून मंत्री म्हणाले, शेवटी एवढंच सांगतो. खंडेरावांनी मागंपुढं पाहिलं नाही. परीटघडीच्या कपड्यांनिशी ते भगदाडात आडवे झाले. डोक्यावरची टोपी सुटली आणि खालच्या अंगाला वाहत गेली.

वत्सलाबाईंनी पाटीनं चिखल आणून त्यांना दोन्हीकडून लिंपायला घेतलं. "मान वर ठेवा," त्या म्हणाल्या, "पुढच्या खेपेला फोटो लागंल."

पाणी अडलं, वळलं, मुकाट्यानं खाली चालू लागलं. मंत्र्यांनी आणखी दोनदा शेवटचं सांगितलं आणि अर्ध्या तासानं भोंगा गप्प झाला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. खंडेरावांचा जीव कानात गोळा झाला.

मग भोंग्यातून भिकाचा आवाज आला. "सायेब, जरा खाली उतरा. आण्णांची टोपी आली. तिच्या मागनं पाणी आलंय."

नारळ फुटला, टाळ्या उठल्या. भिकानं आण्णांनी आभार मानायला यावं असं चारदा पुकारलं.

"जा की आता," वत्सलाबाई म्हणाल्या.

"उठलो तर पाणी परत आपल्याच कांद्यात," खंडेराव म्हणाले. "मी इथनंच मानतो."

आणि त्यांनी चिखलात पडल्या पडल्या, खड्या आवाजात, भाषण पहिल्यापासून सुरू केलं. बेडी ठोकायच्या वाक्याला वत्सलाबाईंनी पुढची पाटी त्यांच्या तोंडाच्या जरा जास्तच जवळ ओतली.