कुंदाचा रक्तगट

पनवेलच्या त्या रक्तपेढीत कंप्युटर येऊन दोन वर्षं झाली, तरी तिथल्या जुन्या तंत्रज्ञाचं, दिनानाथांचं, त्याच्याशी काही जमलं नव्हतं. ऋचा नावाच्या पोरीनं त्यात नियम घालून ठेवले होते. नियम मोडला की यंत्र नोंदच घ्यायचं नाही. "आता हे डबडं आम्हाला शिकवणार!" असं ते येता-जाता म्हणत.

त्या दुपारी बेलपाड्याची ठमाबाई समोरच्या इस्पितळातून धापा टाकत आली. लेक नुकतीच बाळंत झाली होती आणि रक्त थांबत नव्हतं. हातात चिठ्ठी आणि लेकीच्या रक्ताची नळी. चिठ्ठीवर नाव शशिकला. तपासणीत गट निघाला बी. पिशवी टेबलावर आली. आता नोंद झाली की लेबल छापायचं, एवढंच उरलं होतं.

"मावशी, हिनं आधी कधी इथं रक्त दिलंय?"

"दिलंय ना सायेब. लगनाच्या आदी, गावच्या शिबिरात. तवा ती कुंदा व्हती. शशिकला सासरचं नाव हाय."

दिनानाथांनी कंप्युटरवर कुंदाचं जुनं कार्ड उघडलं, नाव बदललं, गट टाकला बी. यंत्र म्हणालं, नाही. या बाईचा गट ए आहे.

पुन्हा टाकला. पुन्हा नाही. जुना ए पुसायला गेले, तर तेही नाही. तिनं दिलेली पिशवी ए म्हणून कुणाला तरी चढली होती, त्यामुळे ती नोंद आता बदलता येत नव्हती.

"सायेब, माजी पोर जाईल वो!" ठमाबाईनं हंबरडा फोडला.

शशिकलेच्या नावानं नवं कार्ड काढलं असतं, तर यंत्रानं मुकाट लेबल दिलं असतं. सगळे तेच करत. सासरी गेलेली बाई कागदावर नवीच असते. दिनानाथांची बोटं तिकडे वळलीसुद्धा. मग त्यांनी हात मागे घेतला. डबडं खरं बोलत असेल तर?

त्यांनी इस्पितळात फोन लावला. "नळी पुन्हा पाठवा. आत्ताच्या आत्ता, डॉक्टरांनी स्वतः काढलेली."

दहा मिनिटांत नळी आली. गट ए. मघाची नळी शेजारच्या खाटेवरच्या बाईची होती.

लेक वाचली. संध्याकाळी ठमाबाई सांगायला आली आणि कंप्युटरकडे बघत राहिली. "यानं माजी कुंदी वलखली कशी?"

"त्याला कुणीच ओळखू येत नाही, मावशी. एका माणसाचे दोन रक्तगट नसतात, एवढंच त्याला सांगून ठेवलंय. त्यापुढं ते कुणाच्या बापाचं ऐकत नाही."

ती गेल्यावर त्यांनी कपाट उघडलं. आत कंप्युटरच्या आधीच्या बावीस वर्षांच्या नोंदींच्या वह्या होत्या, सगळ्या त्यांच्याच सुरेख अक्षरातल्या. त्यांतल्या एकाही वहीनं त्यांना कधी नाही म्हटलं नव्हतं.