मांडवाबाहेरचा डफ

मित्रांनो, मी एक डफ आहे. तसा फार जुना नाई, पन सेलूकडच्या आमच्या गावात मले आतापासूनच जुना म्हनतेत, अन् ते काऊन, तेच सांगतो, ऐका.

मले लहानू डफवाल्यानं बनवलं. लाकडाचं कडं, त्यावर बकरीचं कातडं. लग्न असलं का तो तुरीच्या वाळल्या तुराट्याईचा जाळ करे, मले शेकून तानून घे, अन् मंग असा वाजवे का म्हातारे बी नाचत. वरातीत सगळ्याईच्या म्होरं मीच. मले त वाटे, नवरदेव मीच आहो. पन मांडव आला का लहानू बाहेरच थांबे. सारे जेवून उठले का त्याले गोठ्यापाशी पत्रावळ मिळे. मले वाटे, डफवाल्याची जागा तिथंच असन.

मंग छप्पनच्या दसऱ्याले लहानू अन् त्याची बायको धुरपता नागपूरले गेलते, बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आले. कालेजात शिकनारा पुतन्या हरिदास, त्यानं लिंबाखाली बैठक घेतली. म्हने, "आता डफडं वाजवनं बंद."

लहानू म्हने, "कला आहे बापा हे. डफ का कोनाची जात इचारते?"

"डफ नाई इचारत काका, बोलावनारे इचारतेत. शहरात बँडवाल्याले मास्तर म्हनतेत. तुमाले काय म्हनतेत?"

"अन् एवढ्या लग्नात गेले," धुरपता म्हने, "मांडवात कवा बसले, सांगा बरं."

बैठक उठली. काहीजनाईनं आपापले डफ जाळले. लहानूच्यानं ते झालं नाई, त्यानं मले खुंटीले टांगलं.

उन्हाळ्यात रूपराव पाटील आले. "लहानू, पोरीचं लगन आहे. येजो."

"येतो ना पाटील. पन पंगतीत बसीन."

"रीत आहे गड्या. म्या थोडी केली?"

"तुमी नाई केली. पन मोडा लागन त तुमालेच."

पाटील उठून गेले. लग्नाच्या दिवशी वरात आमच्या दारावरून गेली, मुकीच. लहानूचे बोटं मांडीवर चालून राह्यले होते. धुरपतानं पाह्यलं. मले मात्र त्यानं हात लावला नाई.

आता माह्यं कातडं सादळलं, जाळ दाखवाले कोनी येत नाई. लय एकटं वाटते, खोटं काऊन बोलू. तरी मित्रांनो, मले खाली काढा असं मी म्हनत नाई. ज्याच्या हातानं मी वाजलो, त्याले आधी आपल्या बाजूले पंगतीत बसवा. तवर मी खुंटीवरच बरा.