गडग्यावरचा काळा केक

पहिला केक दयारामनं भिंतीवर हाणला. त्याच्या सुनेनं, नेत्रानं, तो नाचणीचा केला व्हता, आणि बया खरं बोलायला गेली. दयाराम म्हणाला, नाचणी पेजंला असते, चाकलेटच्या केकात घालतात ती माणसं न्हायत. भिंतीवर काळा डाग पडला तो पडलाच.

हा दयाराम म्हंजे आगरदांड्याचा आगरी. जल्मभर ट्रक हाकलेला, अंगानं रेडा आणि तोंडानं त्याहून वाईट. त्याला साखर. डाव्या पायाचा अंगठा डाक्टरनं आधीच काढला व्हता, आणि बजावलं व्हतं, साखर खाली आली न्हाय तर पुढच्या खेपेला गुडघ्यापास्न कापायला लागंल. ह्या बाबाला मात्र बेकरीतला चाकलेट केक सुटत नव्हता. पोरानं, दिपेशनं, एकदा खोका हिसकावून खाडीत फेकला, तर बापानं त्याच्या पाठीत काठी मोडली. मोडली म्हंजे खरीच मोडली, दोन तुकडं.

आता असल्या माणसाचा पाय वाचवायचा कसा? नेत्रानं ठरवलं, नाचणीचाच करायचा पण सांगायचं न्हाय.

दुपारी सासरा घोरत पडला तशी ती कामाला लागली. नाचणीचं पीठ, कोको, साखरेच्या जागी भिजवून वाटलेला खजूर. मऊ व्हावा म्हणून बीट किसलं, सोडा फुलावा म्हणून वर लिंबू पिळलं. कुकरची शिट्टी आणि रिंग काढली, तळाला मीठ पसरलं, त्यावर डबा ठेवला. केक झाला काळाकुट्ट, आणि वास असा सुटला की घरात ठेवला तर म्हातारा झोपंतनं उठून पकडंल. म्हणून तिनं तो मागं, दोन परसांमधल्या दगडी गडग्यावर, केळीच्या पानावर उपडा घातला. वारा लागून गार होऊ दे म्हणाली. बिटाच्या हातानं लालभडक झालेली लिंबाची फोडपण तिथंच पडली.

गडग्याच्या पल्याड दयारामचा धाकटा भाऊ, भिकू. त्या गडग्याच्या दगडावरनं दोघं किती येळा भांडले त्याचा हिशोब कुणी ठेवला न्हाय. त्यात भिकूची दुभती म्हस हल्लीच उभ्याउभ्या मेली, तवापास्न तो गावभर म्हणत फिरायचा की माझ्यावर करणी केलीय. आज तो परसात आला आणि त्यानं काय बघितलं? केळीचं पान. पानावर काळा गोळा. बाजूला लाल लिंबू. झालं, त्याचं डोकं फिरलं.

कोयता घेऊन तो गडगा चढून आला.

"दादा, भायेर ये! म्हस खाल्लीस, आता माझी पोरं खातोस काय?"

दयाराम झोपंतनं उठला. त्याला कशाचा पत्ता न्हाय, पण दारात शिवी आल्यावर का म्हणून इचारायची त्या घराला सवयच नव्हती. लंगडत भायेर आला तो कुकर उचलूनच. कोयता त्याच्या खांद्यात बसला, मांस उघडं पडलं. त्यानं कुकर भिकूच्या कपाळावर घातला. आतलं तापलेलं मीठ भिकूच्या मानंवर, छातीवर सांडलं, तसा तो बोंबलत खाली पडला. कोयता सुटला. दयाराम त्याच्या छाताडावर बसला आणि गळा आवळायला लागला. रगत दोघांचं, कुठलं कुणाचं कळंना. शकू, भिकूची बायको, दिराच्या पाठीत धोंडा मारत व्हती, तरी तो हलंना. भिकूचे डोळे पांढरे व्हायला लागले. गडग्याशी सगळी आळी गोळा झाली, पण पुढं कोण जातोय?

नेत्रानं सासऱ्याचं मनगट दोन्ही हातांनी धरलं.

"मामा, सोडा त्यांना. ती करणी न्हाय. केक हाय. माझा."

दयारामची बोटं सैल पडली. भिकू खोकत खोकत म्हणाला, "केक? मंग खाऊन दाखव. सगळ्यांसमोर खा."

आळी बघत व्हती. न खाल्ला तर करणीचं नाव घराला जल्माचं चिकटणार. दयारामनं सुनंकडं बघितलं.

"नाचनीचा?"

खोटं बोलली असती तर चाललं असतं. पण तिला वाटलं, आज फसवून खायला घातला तर उद्या परत भिंतीवरच जाणार.

"व्हय. नाचनीचा. पाय ऱ्हावा म्हनून."

तो भावाच्या छातीवरनं उठला न्हाय. हात लांब करून म्हणाला, आण. तिनं पान आणलं. त्यानं रगताच्या हातानं मोठा तुकडा तोडला आणि तोंडात कोंबला. चावला. गिळला. भिकू खालनं टक लावून बघत व्हता, हा आता मरंल, मग मरंल. दयारामनं दुसरा तुकडा घेतला.

"ह्यात बीट हाय काय ग?"

"हाय."

"हां. तरीच."

तिसरा तुकडा तोडायच्या आधी त्यानं भिकूच्या जबड्यावर एक बुक्की घातली, दात हलला त्याचा आवाज आळीनं ऐकला. "म्हस माझ्या नावावर घातलीस ना, त्याची," म्हणाला, आणि परत खायला लागला.

दिपेश रिक्षा आणायला पळाला. नेत्रानं ओढणी फाडून सासऱ्याच्या खांद्याला आवळली. शकूनं मधीच पानात हात घालून बघितला, पण दयारामनं पान छातीशी धरलं आणि कुणाला घासभर दिलं न्हाय.