अनुभवाचा रकाना

"आत्या, अनुभवात काय टाकू?" भाचीनं लॅपटॉपवरून मान वर न करता विचारलं.

"काय टाकू म्हणजे? चोवीस वर्षं टाक."

"अगं, पण नोकरीला कुठे होतीस?"

"तुझ्या बापाच्या दुकानात, आणखी कुठे! रोज दिसत नाही का तुला?"

ती फिदीफिदी हसली. मला काही हसू आलं नाही. चष्म्याचं दुकान आधी वडिलांचं, आता दादाचं, म्हणजे माझ्या मोठ्या भावाचं. दुकानामागेच घर, मधे फक्त एक पडदा. मी लग्न केलं नाही, त्यांच्यातच राहते. सकाळी पडदा सारला की मी कामावर, संध्याकाळी सारला की घरी. दादा पुढे बसून गिऱ्हाइकांशी गप्पा मारतो, फ्रेमा दाखवतो. मी मागच्या टेबलाशी काचा कापते, घासते, फ्रेमेत बसवते. सतराव्या वर्षी बसले ती बसलेच.

शहराच्या दुसऱ्या टोकाला काचा बनवणारी एक मोठी लॅब आहे. तिथे फ्रेमेत काचा बसवण्याचं काम येणारी बाई हवी आहे, असं एका गिऱ्हाइकाकडून कळलं. राहायला खोलीसुद्धा देणार होते. खोली! दाराला आतून कडी असलेली! त्या रात्री मला झोप म्हणून लागली नाही. लॅबवाल्यांना फक्त एका पानाचा रेझ्युमे हवा होता, आणि मी जन्मात कधी स्वतःबद्दल चार ओळी लिहिल्या नव्हत्या.

"पद काय लिहू? हेल्पर?"

"हेल्पर तुझा बाप."

"बरं बाई, तंत्रज्ञ. पगार?"

पगार मी कधी घेतलाच नव्हता. काही लागलं की दादाकडे मागायचं, आणि दादा द्यायचा. एकदाही नाही म्हणाला नाही. म्हणाला असता तर निदान भांडता तरी आलं असतं.

"सोड तो रकाना. पुढचं विचार."

"छंद."

"त्यांना काय करायचंय माझ्या छंदांशी?"

शेवटचा रकाना होता आधीच्या मालकाच्या फोन नंबरचा. भाची माझ्याकडे बघायला लागली. "बाबांना सांगितलंयस ना?"

"नोकरी लागली की सांगीन. तू दुकानाचा नंबर टाक आणि तोंड बंद ठेव." लॅबवाले खरंच फोन करतील असं मला वाटलंच नव्हतं. आमच्याकडे कोण कुणाची चौकशी करतं? मूर्खच मी.

चौथ्या दिवशी दुपारी फोन वाजला. दादानं उचलला. मी दोन हातांच्या अंतरावर मशीनवर काच घासत होते.

"हो, माझंच दुकान... कोण म्हणालात?... अहो, ती माझी बहीण!" तो खुशीत आला. "नोकरी कसली हो? घरचं दुकान आहे. छे छे, आम्ही नोकर ठेवलेलेच नाहीत कधी."

किती अभिमानानं सांगत होता! माझे हात काचेवर तसेच राहिले. उठून फोन हिसकावून घ्यावा असं वाटत होतं.

"कुणीतरी चावटपणा केलाय," फोन ठेवून तो म्हणाला. "तुझ्या नावानं कुठेतरी अर्ज टाकलाय. मी सांगून टाकलं, आमच्याकडे असं कुणी कामाला नाही म्हणून."

असं कुणी कामाला नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी मशीन बंद केलं.

"दादा, अर्ज मीच केलाय."

त्यानं अगदी हळू विचारलं, "का गं? तुला इथे काय कमी आहे?"

आता याला काय सांगायचं? कमी काहीच नाही. वहिनी माझ्याआधी कधी जेवायला बसत नाही. आजारी पडले तर दादा रात्रभर उशाशी बसतो. अशा माणसांना, मला इथे गुदमरतंय, हे कुठल्या तोंडानं सांगू?

मी उठून लॅबला परत फोन लावला. तिथल्या बाई चांगल्या होत्या. म्हणाल्या, मालक म्हणतात तुम्ही कामाला नाही. आज पाचपर्यंत त्यांच्या लेटरहेडवर, त्यांच्या सहीचं पत्र पाठवा, नाहीतर आम्ही दुसरीला घेतो. चार वाजले होते.

दादाला सगळं सांगितलं. तो वाईट माणूस नाही हो. लगेच लेटरहेड काढलं, वळणदार अक्षर काढून लिहिलं आणि वाचून दाखवलं, "माझी धाकटी बहीण फावल्या वेळात मला दुकानात मदत करते. स्वभावानं मनमिळाऊ आहे."

"फावल्या वेळात?"

"मग काय लिहू? तूच सांग."

मी सांगत गेले. काचा कापते. घासते. नंबर तपासून बसवते. रिमलेसच्या, म्हणजे बिनकडेच्या चष्म्यांच्या काचांना भोकं पाडते, आणि वर्षाकाठी दोनपेक्षा जास्त काचा फुटत नाहीत. त्यानं दुसऱ्या कागदावर निमूट लिहिलं. लिहिता लिहिता पेन थांबलं.

"आणि तू गेलीस तर हे सगळं कोण करणार?" त्यानं वर पाहिलं. "मला साधा स्क्रू बसवता येत नाही, तुला माहितीये. तू गेलीस तर महिनाभरात या दुकानाला टाळं लागेल."

चोवीस वर्षांत हे पहिल्यांदा कुणीतरी बोललं. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि रागही तितकाच आला.

"हेच लिही," मी म्हटलं. "शब्दन्‌शब्द हेच लिही आणि खाली सही कर."

त्यानं पेन कागदावर टेकवलं. तेवढ्यात दार ढकलून एक म्हातारी आत आली. एका हातात चष्म्याचे दोन तुकडे, दुसऱ्या हातानं भिंत चाचपत. "कुणी आहे का? मला समोरचं काही दिसत नाही."

दादानं माझ्याकडे पाहिलं.

"तू बघ," मी म्हटलं आणि हाताची घडी घातली.

त्यानं प्रयत्न केला. चष्म्याच्या काडीचा स्क्रू चिमट्यातून निसटला, आणि साठीचा माणूस गुडघ्यांवर बसून जमिनीवर हात फिरवायला लागला. म्हातारी मलाच म्हणत होती, "त्रास होतोय ना माझा तुम्हाला?" मी दात आवळून बसले. पावणेपाच झाले. ती भिंत धरून तशीच उभी होती. ते मला बघवेना. उठले.

बिजागरी वाकली होती. ती सरळ केली, नवा स्क्रू घातला, नाकावरची पकड बसवली, चष्मा तिच्या डोळ्यांवर ठेवला, कानामागे जरा सैल केला. "अगंबाई, दिसलं!" ती म्हणाली आणि आपली आपण चालत बाहेर गेली.

पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. कागद काउंटरवर तसाच, सहीविना. पेनाला टोपण लागलेलं.

"उद्या मी स्वतः बोलतो त्यांच्याशी," दादा मायेनं म्हणाला. मी हो म्हटलं. उद्या ती जागा नसणार हे त्यालाही माहीत होतं.

पण खरं सांगू? या वेळी मला दादाचा राग आला नाही, माझा स्वतःचा आला. स्क्रू शेवटच्या आट्यावर घट्ट बसला आणि काडी अलगद मिटली, तेव्हा मी घड्याळ विसरले होते. मला बरं वाटलं होतं. मी हसले होते. आणि ते दादानं पाहिलं होतं.