तीन बोटं, पण कुणाची?

मित्रांनो, मी एक जुनी दाबकाठी आहे. लांबी वीतभर, एक टोक गोल, दुसरं बोटाच्या पेराएवढं निमुळतं. आमच्या तैतुंग गावात दातांचा डॉक्टर सोडला, तर माझ्याइतकं कुणीच माणसांना किंचाळायला लावलेलं नाही. फरक एवढाच की माझ्याकडे माणसं आपणहून पुन्हा यायची, आणि किंचाळून झाल्यावर चहा पिऊन जायची.

मी मूळची लाँगनच्या, म्हणजे लिचीसारखं फळ देणाऱ्या झाडाची एक फांदी. हे लाकूड फार कठीण, म्हणून ते बहुतेक कोळशाच्या भट्टीत जातं. माझी भावंडं तिकडेच गेली. त्यांच्यावर मासे उत्तम भाजले गेले, असं ऐकते. मला मात्र एका म्हाताऱ्या सुताराने ढिगातून ओढून काढलं, घासलं, चहाच्या बियांचं तेल चोळलं आणि स्वतःच्या तळपायावर दाबून पाहिलं. तो "आई गं!" म्हणाला आणि त्याने मला चांगल्या मालात टाकलं. माझी परीक्षा ती एवढीच. पुढे माणसांना किती परीक्षा द्याव्या लागतात हे पाहिलं, तेव्हा मला माझ्या नशिबाचं कौतुक वाटलं.

समुद्रदेवीच्या देवळाच्या अंगणात दरवर्षी एक आठवड्याचा वर्ग भरायचा. घरच्या घरी आणि प्रवासात कुठे दाबलं म्हणजे काय हलकं होतं, ते तिथे शिकवत. सगळे निवृत्त लोक चपला काढून बाकांवर बसत. समोर पडद्यावर एक भलामोठा तळपाय, आणि त्यावर यकृत, मूत्रपिंड, जठर यांची घरं आखलेली, एखाद्या गावच्या नकाशासारखी. पहिल्या दिवशी प्रत्येकाला एक काठी मिळाली. मी शिए मास्तरांच्या वाट्याला आले.

शिए मास्तर शाळेत खेळाचे शिक्षक होते. तीस वर्षं त्यांनी मुलांना बेसबॉल शिकवला. माणूस मनाचा मऊ, पण पंजा केळ्याच्या फणीसारखा. त्या पंजात मी दातकोरणीसारखी दिसायची. पहिल्या दोन दिवसांत त्यांनी वहीभर लिहून घेतलं. तिसऱ्या दिवशी ते वर्गाला गेलेच नाहीत. त्यांच्या शाळेच्या मुलांचा अंतिम सामना होता. मीही त्यांच्या खिशात बसून सामनाच पाहिला. म्हणजे तिसऱ्या दिवशी जे शिकवलं, ते ना त्यांना कळलं, ना मला. हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला दोष द्यायला नको.

त्यानंतरची दोन वर्षं आमच्या वैभवाची. संध्याकाळ झाली की दारात बाक टाकायचा आणि शेजाऱ्यांचे पाय मांडीवर घ्यायचे.

"दुखतंय का?" मास्तर विचारायचे.

"मेलो मास्तर!"

"छान. म्हणजे जठर आहे. काल काय खाल्लंस?"

"काही नाही हो, नेहमीचंच."

मग मास्तर मला जरा आणखी दाबायचे, आणि समोरचा तळलेल्या टोफूच्या चार प्लेट कबूल करायचा. पोलिसांनाही इतक्या लवकर कबुलीजबाब मिळत नाहीत. लोक म्हणायचे, "मास्तरांची काठी खोटं बोलत नाही." मी फुगून जायची. लाकडाला फुगायला ओलावा लागतो असं म्हणतात. स्तुतीवरही भागतं.

मग एकदा शेजारचे कुओ काका पोट धरून आले. मास्तरांनी त्यांचा पाय मांडीवर घेतला आणि अर्धा तास मला फिरवलं. कुओ काका नेहमीपेक्षा मोठ्याने ओरडले, तेव्हा मास्तर खूश होऊन म्हणाले, "लागू पडतंय." शेवटी मास्तरांची बायको युए-ली हिने सरळ रुग्णवाहिका बोलावली. अपेंडिक्स होतं, फुटायच्या बेतात आलेलं. डॉक्टरीणबाई मास्तरांना म्हणाल्या, "तुमच्या काठीने पाय हलके करा, प्रवासातली मळमळ घालवा, माझी ना नाही. पण पोटात असं दुखायला लागलं, तर काठी खाली ठेवा आणि माणूस उचला." मास्तरांनी मान खाली घातली. मला मान नाही, म्हणून मी तशीच राहिले.

आता युए-लीबद्दल सांगायला हवं. मास्तर जेवढे ऐसपैस, तेवढीच ती बारीक. शाळेचे गणवेश शिवायची. हात तर बाहुलीचे. तिची एकुलती एक मुलगी पेइ-वेन समोरच्या ल्युदाओ बेटावर सासरी होती. बेट असं की स्वच्छ दिवशी किनाऱ्यावरून दिसतं. बोटीने तासाभराचं अंतर. पण त्या तासाची कीर्ती अशी की बोटीवर चढताना खलाशी तिकिटाआधी उलटीची पिशवी हातात ठेवतात. लेकीच्या लग्नाला युए-ली त्या बोटीने गेली, आणि नवरीच्या आईला दोघांनी धरून मांडवात आणावं लागलं. त्या दिवशी तिने शपथ घेतली की पुन्हा बोटीत पाय ठेवणार नाही. चार वर्षं ती किनाऱ्यावरून बेटाकडे बघायची आणि लेकीशी फोनवर बोलायची.

आणि मग पेइ-वेनला मुलगी झाली.

आमच्याकडे बाळाला महिना झाला की जावळ काढतात, लाल अंडी वाटतात, आणि आईच्या आईने टोपीपासून बुटांपर्यंत सगळा पोशाख घेऊन जायचा असतो. हातोहात. टपालाने पाठवला तर सासरकडची मंडळी तोंडावर काही बोलत नाहीत, पण दहा वर्षं विसरत नाहीत. युए-लीने पोशाख शिवून तयार ठेवला. टोपीला वाघाचे कान लावले. बूट तर एवढेसे की माझ्या गोल टोकावर बसले असते. पण तो घेऊन जायचं कसं?

"विमानाने जाऊ," मास्तर म्हणाले.

"त्या विमानात एकोणीस माणसं मावतात, आणि ढग जरा खाली आला की तीही मावत नाहीत. मग काय करायचं?"

"मग बोट. काठी आहे ना! मळमळीची जागा मला पाठ आहे. तिचं नाव आतलं दार. मनगटावरच्या घडीपासून कोपराकडे तीन बोटं मोजायची, आणि कातडीखाली लागणाऱ्या दोन ताठ दोऱ्यांच्या मधोमध दाबायचं. बोट काय, तू झोपाळ्यावर बसून जाशील."

"मास्तर, अपेंडिक्सच्या वेळी पण असंच म्हणाला होतात."

तरी ती तयार झाली. मास्तरांनी तिच्या दोन्ही हातांवर तीन बोटं मोजून पेनाने खुणा केल्या आणि पंधरा दिवस रोज मला त्या खुणांवर दाबलं. रंगीत तालीम म्हणून दोघं किनाऱ्याच्या वळणांवरून जाणाऱ्या बसमध्ये बसले. पाचव्या वळणापर्यंत मास्तर दाबत होते आणि प्रवाशांना शास्त्र समजावून सांगत होते. सहाव्या वळणावर युए-लीने त्यांची बेसबॉलची टोपी काढून घेतली. का काढून घेतली, ते मी सांगत नाही.

"तुझं शरीरच जरा वेगळं आहे," मास्तर घरी येऊन म्हणाले.

"आणि तुमची काठी जरा माझ्या स्वयंपाकघरात राहू दे," ती म्हणाली.

मित्रांनो, त्यानंतर मी लसूण ठेचला. ज्या काठीपुढे अख्खी आळी कबुलीजबाब द्यायची, तिने लसूण ठेचला! एकदा दोन दिवस सोया सॉसच्या बाटलीखाली पडून होते. लसणाचा वास अजून जात नाही. कुणी मला पुसलंही नाही.

शेवटी विमानाचीच तिकिटं काढली. जाण्याची सकाळ उजाडली आणि डोंगरावरचे ढग धावपट्टीवर उतरून बसले. विमान रद्द झालं. जावळ दुसऱ्या दिवशी. युए-लीने पोशाख कापडात बांधला, गाठीतून मला आडवं घातलं आणि त्या मुठीने गाठोडं उचललं. मी आता मूठ झाले होते. लसणापेक्षा बरं.

फुगांग बंदरावर बोटीला पाऊण तास होता. युए-ली बाकावर बसून पाण्याकडे बघत होती आणि तिचा चेहरा टोफूसारखा पांढरा झाला होता. शेजारी हुंग काकांची खुर्ची होती. हुंग काका आंधळे. तीस वर्षं ते बंदरावर प्रवाशांचे खांदे रगडत आले होते. त्यांनी न विचारताच तोंड इकडे वळवलं.

"बाई, बोट अजून आली नाही, आणि तुमचा श्वास मात्र बोटीत जाऊन बसलाय. हात द्या पाहू."

त्यांनी तिचा हात बोटांनी चाचपला आणि एका जागी थांबले. "इथे कुणी खिळा ठोकलाय? केवढं दुखावून ठेवलंय!"

"मी," मास्तर म्हणाले. "शास्त्राप्रमाणे. तीन बोटं मोजून."

"कुणाची बोटं?"

"कुणाची म्हणजे? माझीच. उसनी आणायची का?"

हुंग काकांनी मास्तरांचा पंजा हातात घेतला, एकेक बोट मोजलं आणि हसत सुटले. खुर्ची हलायला लागली. "अहो, या बोटांनी मोजलं तर बाईंचं आतलं दार कोपरात निघेल! माप त्याच माणसाच्या बोटांचं घ्यायचं असतं, ज्याला दाबायचंय. प्रत्येक शरीर आपली फूटपट्टी बरोबर घेऊन येतं. देवळातल्या वर्गात हे तिसऱ्या दिवशी शिकवतात. तिसऱ्या दिवशी कुठे होतात?"

"मुलांचा अंतिम सामना होता," मास्तर हळूच म्हणाले.

"जिंकलात?"

"हरलो."

"मग दोन्हीकडे हरलात."

युए-ली चार वर्षांत पहिल्यांदाच बंदरावर हसली. हुंग काकांनी तिला तिचीच तीन बोटं दुसऱ्या मनगटावर आडवी ठेवायला लावली. जागा मास्तरांच्या खुणेपेक्षा मनगटाकडे चांगली अंगठाभर सरकली.

"आता तुम्हीच दाबा. हळूहळू, श्वास सोडत सोडत. किती दाबलं म्हणजे पुरे, ते मला कळणार नाही आणि यांना तर त्याहून नाही. तुमच्या हातालाच कळेल. दुखलं तर सोडा. आणि बोटीत मध्ये बसा, मागच्या बाजूला, आणि नजर लांब ठेवा. नुसत्या दाबण्यावर विसंबू नका."

"मी घेऊ काठी?" मास्तरांनी विचारलं.

"नको," युए-ली म्हणाली. तिने मला गाठोड्यातून ओढून काढलं. "यापुढे माझ्याकडेच राहील."

बोट सुटली. बंदराचा बांध ओलांडताच समुद्राने आम्हाला उचललं, जरा विचार केला आणि टाकलं. पुढच्या रांगेतून पहिली पिशवी फडफडली. युए-लीने माझं गोल टोक बरोबर जागी ठेवलं. मी तिच्या नाडीजवळ होते. नाडी घाबरलेल्या कोंबडीसारखी धावत होती. तिने गालात आल्याची फोड ठेवली, डोळे लांब पाण्याच्या रेघेवर लावले आणि दाबलं, सोडलं, दाबलं, सोडलं. पंधरा मिनिटं गेली. कोंबडी चालायला लागली.

मास्तर मात्र तिच्याकडे तोंड करून, बोट जात होती त्या दिशेला पाठ करून बसले होते आणि सूचना देत होते. "सावकाश... श्वास... हां..." मग सूचना कमी झाल्या. मग थांबल्या. मास्तरांनी डोक्यावरची टोपी काढली आणि तिच्या आत फार विचारपूर्वक बघायला लागले.

"मास्तर?"

"काही नाही. जरा... उकडतंय."

"हात द्या."

"मला नाही लागत बोट. मी खेळाडू आहे."

"खेळाडू, हात द्या!"

तिने त्यांची केळ्यासारखी तीन बोटं त्यांच्याच मनगटावर आडवी ठेवली आणि मला टेकवलं. मास्तरांनी डोळे मिटले. उरलेला प्रवास मी दोन हातांमध्ये वाटून काढला, थोडा वेळ इकडे, थोडा तिकडे. सगळं श्रेय माझं, असं मी म्हणणार नाही. आल्याचं होतं, नजरेचं होतं, आणि चार वर्षं किनाऱ्यावर उभ्या राहिलेल्या बाईच्या जिद्दीचं तर होतंच. पण युए-ली ल्युदाओच्या धक्क्यावर स्वतःच्या पायांनी उतरली, एका हातात गाठोडं आणि दुसऱ्या हातात मास्तर. धक्क्यावर पेइ-वेन उभी होती. बाळ जावेकडे देऊन ती धावत आली.

"आई! तू चालत आलीस?"

"मग काय लोळत येऊ? बाबांना धर आधी. आणि माझी नात कुठे आहे?"

दुसऱ्या दिवशी जावळ झालं, अंडी वाटली गेली. वाघाचे कान बाळाच्या डोक्यावर चढले, एवढेसे बूट पायात गेले आणि सासरकडच्या आजीबाईंनी दोनदा शिवण उलटून पाहून मान डोलावली. त्या गडबडीत बाळाला उचकी लागली. मास्तर ताबडतोब पुढे सरसावले. त्यांच्या हातात मी होते. केव्हा उचललं होतं, देव जाणे. "उचकीची जागा पायावर असते," ते म्हणाले. "बाळाचीच बोटं घेऊन मोजतो."

खोलीतल्या सगळ्या बायका एकदम ओरडल्या. युए-लीने मला त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि कपाटावर, अगदी वर ठेवून दिलं.

"उचकी आहे, मास्तर. आपली आपण थांबते."

मित्रांनो, मला पुसून कोरडं ठेवा, लसणापासून दूर ठेवा आणि वर्षातून एकदा तेल लावा, एवढं माझं मागणं आहे. कुणाला दाबायच्या आधी त्याचीच बोटं मागा. आणि कधीकधी मला कपाटावरही ठेवत चला.

उचकी आपली आपण थांबली. वाघाचे कान लावलेली ती एवढीशी मुलगी आजीच्या खांद्यावर झोपली. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. वरून सगळं फार छान दिसत होतं.