बिनमटणाच्या काड्यापेट्या

सयाजी फौजेतनं नाईक होऊन घरी आला, पण त्याची किळस काही फौजेला मोडता आली नाही. संडास सफाईची पाळी आली की हा बहाद्दर आपल्या वाट्याची रम दुसऱ्याला पाजून सुटायचा. घरीही तोच खाक्या. पोरगं ओकलं तर त्याला धरायचं सोडून हाच आधी अंगणात पळायचा. सगळी घाण बायकोनं, बनुबाईनं निस्तरायची आणि यानं लांबून नाक मुरडायचं.

अशा माणसाला साताऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तीन दिवसांचा संडास तपासायला आणून द्या.

कारणही तसंच होतं. त्याचे वडील आतड्याच्या कॅन्सरनं गेले आणि यंदा थोरला भाऊ दादासोही त्यानंच गेला. शेवटी तर त्याच्या खोलीत उदबत्त्या लावूनही बसवत नव्हतं.

"कॅन्सरच्या आधी आतड्यात मांसाचा लहानसा कोंब येतो," बाई म्हणाल्या. "त्यातनं रक्त झिरपतं, पण डोळ्यांना दिसत नाही. आम्ही संडास कागदाला लावून औषधाचे थेंब टाकतो. निळं पडलं की समजायचं, रक्त आहे. तेव्हाच कोंब काढला तर माणूस वाचतो. मात्र तोवर मटण बंद. त्यानंही निळं पडतं."

"पर बाई, आणायचा कशातनं?"

"रिकाम्या काड्यापेटीतनं. रोजची वेगळी."

सयाजीनं तिथंच नाकाला रुमाल लावला.

त्यातच मेढ्याजवळच्या त्याच्या गावची जत्रा आली. घरधन्यानंच ताटात मटण घेतलं नाही, तर पाव्हण्यांच्या घशाखाली घास उतरायचा कसा? सयाजीनं दोन्ही वेळा रस्सा ओरपला. मग त्याला अक्कल सुचली. बनुबाई माळकरीण, तिनं बारा वर्षांत मटण तोंडात घातलं नव्हतं. बाईंना बिनमटणाचा संडास पाहिजे ना? तो तर घरातच होता! शिवाय ते घाणेरडं काम आपल्या हातानं करायला नको.

"आवं, माझा कशाला?" बनुबाईनं विचारलं.

"एकाच चुलीवरचं खातोय न्हवं आपण? भर गुमान."

तिनं गुमान तिन्ही पेट्या भरल्या. सयाजीनं त्या पेट्यांची पिशवी मेढ्यापासून साताऱ्यापर्यंत एसटीच्या खिडकीबाहेर धरली आणि बाईंच्या टेबलावर टाकून खसाखसा हात धुतले.

दुपारी बाईंनी आत बोलावलं. टेबलावरचे तिन्ही कागद निळे पडले होते.

"खरं सांगा, मटण खाल्लंत?"

व्हय म्हणायला काय जात होतं? खाल्लंच होतं की! बाई रागावल्या असत्या, पुन्हा पेट्या आणा म्हणाल्या असत्या, आणि हा पुन्हा तिकडं फिरकलाच नसता. पण मटण खाल्लं होतं यानं, आणि निळं पडलं होतं बनुबाईचं. ते रक्त मटणाचं नव्हतं, तिचंच होतं. आयुष्यभर दुनियेची किळस करणाऱ्या सयाजीला आज पहिल्यांदा स्वतःची किळस आली.

"त्यो माझा न्हाई, बाई," तो कसाबसा म्हणाला. "बायकूचा हाय."

डॉक्टरीणबाईंनी त्याच्याकडं असं बघितलं, जणू पेटीतनं तोच निघाला होता.

"उद्या तिला घेऊन या. दुर्बीण घालून आतडं बघायला लागेल. आणि मटण सोडून तुमच्या पेट्याही आणा. स्वतःच्या हातानं भरून."

सयाजी घरी आला तेव्हा बनुबाई भाकरी थापत होती. तो चुलीपाशीच खाली बसला.

"पोटात काय हुतंय का गं तुला?"

"हुतंय की," भाकरी उलटत ती म्हणाली. "वरीस झालं. शेंबडावानी पडतंय. कवा कवा तांबडं बी दिसतंय."

"आगं मग बोलली का न्हाईस?"

बनुबाईला त्या प्रश्नाचंच नवल वाटलं.

"कुणाला बोलू? तुमाला किळस आली असती."