हंसाचं काळीज

तेवेत महिना लागला की खाटीक हंसाला हात लावायचा नाही. कोंबड्या हव्या तेवढ्या आणा, सुरी तयार. पण यहुदी पंचांगातल्या त्या ऐन थंडीच्या महिन्यात म्हणे एक घटका अशी असते, की तेव्हा हंस कापला तर कापणारा जगत नाही. ती घटका कोणती हे कोणालाच ठाऊक नाही, हीच तर मेख. तोड एकच: त्या हंसाचं काळीज कापणाऱ्यानं स्वतः खायचं. खाटकाचे वडीलही खाटीकच. ते याच महिन्यात, हंस कापून, चांगले हिंडतेफिरते असताना गेले होते.

यंदा शेजारणीचं तान्हं बाळ छातीत कफ भरून घुरघुरत होतं. चोळायला हंसाची चरबी हवी म्हणून ती बापडी दारात रडत उभी राहिली. खाटकाला नाही म्हणवेना. हंस कापला, चरबी-मांस सगळं तिला दिलं आणि काळीज तेवढं बायकोच्या हातात ठेवलं.

"जप हं," एवढंच म्हणाला.

बायकोनं ते निखाऱ्यावर भाजून ताटलीत काढलं, मीठ घ्यायला वळली, आणि मांजरानं डाव साधला. ताटली चाटूनपुसून लख्ख! ओट्यावर कोंबडीचं काळीज होतं. तेच भाजलं, बारीक चिरलं, वर कांदा पसरून नवऱ्यापुढे ठेवलं. तो मुकाट्यानं जेवला.

तिला राहवेना. सासूबाईंच्या खोलीत जाऊन तिनं सगळं ओकून टाकलं. "आता त्यांना सांगू का?"

म्हातारी खुंटीकडे बघत राहिली. सासऱ्यांची टोपी अजून तिथेच होती.

"नको," ती म्हणाली. "माझ्याही हातून हेच झालं होतं. हंसाचं काळीज चुकून गिऱ्हाइकाच्या पुडक्यात गेलं, मी कोंबडीचं वाढलं. मग मन खायला लागलं, म्हणून सांगितलं. ऐकून ते हसले. तिसऱ्या दिवशी गेले."

त्यानंतर तो महिना घरात भुतासारखा राहिला. पांढरी पिसं सापडू लागली. पिठाच्या डब्यात, उशीखाली, एक तर सासऱ्यांच्या टोपीला चिकटलेलं. मागच्या खोलीत कोणी नसताना दगडावर सुरी घासल्याचा आवाज यायचा. दोघी सासवा-सुना तेव्हा एकमेकींकडे बघायच्या नाहीत. नवरा नुसता खोकला तरी बायकोच्या हातातलं काम थांबायचं.

महिना सरला. नव्या महिन्याची कोर खिडकीत दिसली तशी बायको ओक्साबोक्शी रडू लागली.

"अगं, ते कोंबडीचं होतं ना?" खाटीक म्हणाला. "पहिल्याच घासाला कळलं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझा जीव टांगणीला लागला असता."

"लागलाच होता की मेला!"

सासूबाई दाराशी येऊन उभ्या होत्या. "म्हणजे त्यांनाही कळलं असेल का रे? मी सांगायच्या आधीच?"

"बाबांना? जन्म गेला त्यांचा या धंद्यात, आई. न कळायला काय झालं?"

म्हातारी खुंटीपाशी गेली. इतक्या वर्षांत तिनं त्या टोपीला हात लावला नव्हता. आता काढली, पीस फुंकून टाकलं आणि टोपी छातीशी धरली.

"लबाड कुठले," ती म्हणाली. "हसलात तेव्हाच मला कळायला हवं होतं."